परत जा म्हणणाऱ्यांनो, सातबारा दाखवा

सहा डिसेंबरच्या रात्री नायगावच्या बीडीडी चाळीत आमच्या पोरांत वाद झाला. वाद मिटला नाही. हातघाईवर आला तेव्हा बायांनी दिवे बंद करून सगळ्यांना झोपायला लावलं. तो वाद इथं पुढं चालवतो आहे. ज्यांना राग येईल त्यांनी पुढच्या अंकात उत्तर द्यावं.

शिवाजी पार्कात दिवसभर पाणीवाटप करून पोरं आली होती. मामाच्या खोलीत आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये मराठवाड्यातून चैत्यभूमीला आलेले पाव्हणे पथाऱ्या टाकून पडले होते. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं माझ्या बाकडं बराच वेळ बघितलं आणि उठून जवळ आला. "तू आमच्याच गावचा ना रं? अठ्ठ्याहत्तरला पळालेला?" बानं मान हलवली. म्हातारा म्हणाला, "ये की आता परत. गाव पयल्यावाणी राह्यलं न्हाई."

बास, एवढंच. पण पोरांनी ते उचललं. एक जण इंजिनिअर झालाय, तो म्हणाला, "खरंय. इथं टॉवर होणार, मेन्टेनन्स कुणाला झेपणार? मिळालेला फ्लॅट विकू, गावी जमीन घेऊ, घर बांधू. आपली मुळं तिकडं आहेत." दुसरा उसळला, "गाव गेलं खड्ड्यात. आपण मुंबईकर. टॉवरमधे सगळे सारखे. मिसळून जा, जुनं उकरू नका." तिसरा हसला. म्हणाला, "परत जायचं का मिसळायचं, असा विचार करायला आपण काय निर्वासित आहोत?"

दोस्ता, त्या हसण्यावर माझं उत्तर आहे. होय. मी निर्वासित आहे, माझा बा निर्वासित आहे. आणि तू ज्या खोलीत जन्मलास त्या खोलीतला तुझा आजाही बहुतेक निर्वासितच होता. त्याला तसं कुणी म्हटलं नाही, कारण तसं म्हटलं की देणं लागतं.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळेला मारलं, ते नाव तुम्हाला पाठ आहे. आमच्या गावाचं नाव कुठल्या पुस्तकात नाही. परभणी जिल्ह्यातलं गाव. मी सात वर्षांचा होतो. ज्वारी कमरेएवढी झाली होती, तिच्यात आम्ही रात्रभर पालथे पडून होतो, आणि आमचं छप्पर जळताना मी पानांच्या फटीतून बघितलं. मायनं घेतलं काय, तर जर्मनची एक पातेली. तिच्यात भाकरीचं पीठ होतं. पूर्णेला चालत आलो, छोट्या गाडीनं मनमाड, तिथून दुसरी गाडी, आणि दादर. मामाची खोली एकशे साठ चौरस फूट. तिच्यात आधी नऊ माणसं होती, आम्ही चार गेलो, तेरा झालो.

बा गिरणीत बदली कामगार म्हणून लागला. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. बदलीवाल्याला कोण विचारतंय? मग मस्जिद बंदरला पाठीवर गोणी. माय हिंदू कॉलनीत धुणीभांडी करायला गेली. पहिल्याच घरी बाईनं आडनाव विचारलं. मायनं क्षणभर विचार केला आणि गावाच्या नावाला 'कर' लावून सांगितलं. ज्या गावानं आम्हाला जाळलं त्याच गावाचं नाव पांघरून माझी माय वीस वर्षं दुसऱ्यांची भांडी घासत होती. मिसळून जा म्हणणाऱ्या भावा, मिसळणं म्हणजे काय ते मी तिथं शिकलो.

आता कायद्याचं बघू. १९५१ चा संयुक्त राष्ट्रांचा निर्वासितांचा करार आहे. आपल्या देशानं त्यावर सही केलेली नाही. त्या कराराप्रमाणं देशाची सीमा ओलांडली तरच माणूस निर्वासित. आपल्याच देशात पळाला तर तो 'अंतर्गत विस्थापित', त्याच्यासाठी १९९८ साली वेगळी तत्त्वं लिहिली गेली. मी म्हणतो, आमच्या गावची वेस कुठल्या नकाशावर नाही, पण ती ओलांडल्याशिवाय माझी बहीण आणि मी जगलो नसतो. ती सीमा नव्हती तर काय होतं?

आणि हे मी नवं सांगत नाही. गिरगावच्या पलीकडं गावदेवीत मणिभवन आहे. तिथं १४ ऑगस्ट १९३१ ला बाबासाहेब गांधींना भेटले आणि तोंडावर सांगून आले की मला मायभूमी नाही. ज्या देशात कुत्र्यामांजरापेक्षा वाईट वागणूक मिळते आणि पाणी मिळत नाही, तो देश माझा कसा, असा तो सवाल होता. गोलमेज परिषदेला जायच्या आधीची गोष्ट. शाळेच्या सहली तिथला चरखा बघून येतात, हा सवाल त्यांना कुणी सांगत नाही.

निर्वासितांचा प्रश्न सोडवायच्या तीन वाटा जगात मानतात. स्वतःच्या गावी परतणं, आलो तिथंच सामावणं, किंवा तिसऱ्याच जागी नव्यानं वसणं. परतण्याला तीन अटी असतात: ते स्वेच्छेचं पाहिजे, सुरक्षित पाहिजे, सन्मानाचं पाहिजे. चांगल्या अटी आहेत. हाच गज घेऊन आपण आपली वाट मोजू.

आधी इतिहासातली एक मोजणी. फाळणीनंतर सिंधी माणूस कल्याणच्या लष्करी बराकीत आला, त्याचं पुढं उल्हासनगर झालं. त्याच्या दुःखाचा मला मत्सर नाही. त्याला देशानं निर्वासित म्हटलं, छावणी दिली. १९५४ साली नुकसानभरपाईचा आणि पुनर्वसनाचा कायदा केला. पण त्या कायद्याचं गणित बघा. पाकिस्तानात जी मालमत्ता सोडून आलात तिचा दावा लावा आणि मोबदला घ्या. ज्याच्या नावावर काहीच नव्हतं त्यानं कसला दावा लावायचा? झाडू मारणाऱ्यानं झाडू सोडून आलो म्हणून दावा लावायचा?

तेव्हाचे आपले लोक तर यायलाही मोकळे नव्हते. झाडलोट, मैला उचलणं कोण करणार म्हणून पाकिस्तानात अस्पृश्यांना अडवून धरलं. पूर्व पंजाबात जे पोचले त्यांना छावणीतले अधिकारी सवर्ण निर्वासितांपेक्षा वेगळं वागवत, म्हणून ते छावणीबाहेर राहिले. आणि नियम असा की छावणीत राहील त्यालाच शिधा आणि कपडा. डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी, स्वतः कायदामंत्री असताना, हे सगळं नेहरूंना पत्रानं कळवलं. निर्वासितांतही गावकूस होतं! घर जळाल्यावर तरी माणसं सारखी होतात असं ज्याला वाटतं त्यानं ते पत्र वाचावं.

म्हणून माझा पहिला मुद्दा: आपल्याकडं निर्वासिताला काय मिळतं ते त्याच्या दुःखावर ठरत नाही, नावावर काय होतं त्यावर ठरतं.

आता गावी चला म्हणणाऱ्यांकडं येतो. मी गेलो होतो. बा सात डिसेंबरच्या सकाळी म्हणाला, "मला तिकडं न्हेऊन सोड." ऐंशीचा म्हातारा. मी म्हटलं, आधी बघून येतो. ग्रामपंचायतीत नमुना आठचा उतारा मागितला. आमच्या घराची नोंद नाही. जागेवर दुसऱ्याचा गोठा आहे. गोठेवाला भला माणूस, चहा दिला, त्याच कपात दिला जो तो स्वतः पितो. हे खरं आहे, मी लपवत नाही. गाव पहिल्यासारखं राहिलं नाही. पण चहा पिऊन झाल्यावर मी म्हटलं, "ही जागा आमची होती." तो हसला. म्हणाला, "कागद हाय का?"

कागदाची गंमत ऐका. माझ्या आज्यानं गायरानाचा तुकडा वहिवाटीला घेतला तो १९५९ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात. दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर तुरुंगात गेलेला माणूस. पुढं १९६४ ला पुन्हा गेला. वीस वर्षं नांगरली ती जमीन. १९७८ सालाच्या अखेरीस सरकारनं गायरानावरची जुनी अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय काढला. आम्ही पळालो ऑगस्टमध्ये! पंचनाम्याला तलाठी आला तेव्हा रानात कोण दिसणार? मग १९९१ चा निर्णय आला, १४ एप्रिल १९९० पर्यंतचा कबजा असेल त्याचं नाव लावा. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची, आणि आम्ही तेव्हा नायगावात तेरा जण एका खोलीत. ज्याला मारून हाकलला त्यालाच विचारायचं की बाबा, तुझा कबजा का नाही? आणि ज्यांचा कबजा राहिला त्यांनाही २०२२ साली, उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, अतिक्रमण काढा म्हणून नोटिसा गेल्या.

पॅलेस्टाइनच्या निर्वासितांच्या घराघरांत १९४८ साली सोडलेल्या घराची चावी जपून ठेवलेली असते. नातवाच्या नातवापर्यंत जाते ती. संयुक्त राष्ट्रांचा त्याच साली केलेला ठरावही आहे त्यांच्या परतण्याच्या हक्काचा, तो कागदावरच राहिला ते सोडा. पण चावी आहे. माझ्या बाकडं चावी नाही. छपराला कुलूप नव्हतंच.

तेव्हा इंजिनिअर भावा, परतणं म्हणजे जे आपलं होतं त्यात परत पाय ठेवणं. तू म्हणतोस ते परतणं नाही, ते फ्लॅट विकून गावात जमीन विकत घेणं आहे. घे. पण ती कुणाकडून घेणार, कुणाच्या बांधाला बांध लागणार, पाणी कुठल्या पाटानं येणार, याचा विचार कर. तू म्हणशील, पैसे मोजले, सातबारा माझ्या नावावर, मग कोण काय करणार? खैरलांजीत भोतमांगेंकडं जमीन होती. २९ सप्टेंबर २००६ ला काय झालं? बौद्धांची घरं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी, आणि जमिनीतून रस्ता देण्यावरून सुरू झालेलं भांडण एका घरातल्या चार माणसांच्या खुनापर्यंत गेलं. सातबारा पाहिजेच. पण एकट्याचा सातबारा म्हणजे पाठीवर काढलेलं निशाण. हे मी घाबरवायला लिहीत नाही, हिशोबात धर म्हणून लिहितो.

आता दुसरा भाऊ खूश झाला असेल. बघ, मी म्हणत होतो ना, गाव विसरा. थांब. तुझ्या मुंबईचा हिशोब राहिलाय.

हे परळ, लालबाग आपलं म्हणतोस. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब राहिले, दामोदर हॉलमधून बहिष्कृत हितकारिणी सभेचं काम केलं, खरंय. पण याच गिरणगावातल्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नव्हते. का? धोट्यातला धागा तोंडानं ओढून काढावा लागे. आपल्या उष्ट्या धोट्यानं कामगारबंधू बाटत होते! जास्त मजुरीचं खातं ते, आणि आपण रिंग खात्यात. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न काढला तेव्हा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना तो गैरसोयीचा वाटला. यंत्र विलायती, मालक गुजराती, कामगार मराठी, आणि धागा सनातनी.

आणि १० जानेवारी १९७४. वरळीच्या दंगलीनंतर पँथरचा मोर्चा परळमधून चालला होता. वरून दगड पडला, भागवत जाधव मेला. तो दगड गावातल्या पाटलानं टाकला नव्हता. मुंबईकरानं मुंबईकरावर टाकला.

आता टॉवर. २०७ चाळी होत्या बीडीडीच्या, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून. १९२० च्या दशकात इंग्रजानं बांधल्या. एकशे साठ फुटांच्या जागी आता पाचशे फुटांचं घर मिळतंय. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या. मला आनंद आहे. पॅसेजमधल्या नळावर आयुष्य गेलेल्या बायांच्या हातात घराची चावी आली, ही लहान गोष्ट नाही. पण टॉवरमध्ये सगळे सारखे हे मला शिकवू नकोस. त्याच दादरमध्ये माझा पोरगा भाड्यानं खोली बघायला गेला. एजंटनं आधी आडनाव विचारलं, मग खाणं विचारलं, मग "मालकाला विचारून सांगतो" म्हणाला. पोरानं आजीसारखं गावाच्या नावाला 'कर' लावलं नाही. खरं आडनाव सांगितलं आणि खोली मिळाली नाही. मला त्याचा अभिमान आहे, आणि अजून तो बदलापूरहून तीन तास लोकलनं ये-जा करतो.

आणि आमच्या घरातलीच गोष्ट सांगतो, लाज सोडून. ती खोली मामाच्या नावावर. पाचशे फूट मामाच्या पोराला मिळतील, आणि मिळायलाच पाहिजेत. त्यानं आम्हाला सत्तेचाळीस वर्षं बाहेर काढलं नाही, हे त्याचे उपकार. पण माझा बा कागदावर कुठं आहे? गावात नमुना आठला नाही. गायरानावर नाही. गिरणीच्या कायम हजेरीपटावर नाही. चाळीच्या भाडेपावतीवर नाही. ऐंशी वर्षं हा माणूस या देशात राबला, आणि मतदारयादी सोडली तर एका ओळीचा धनी नाही. त्याला तुम्ही विचारता, परत जाणार का मिसळणार?

हा प्रश्नच दुसऱ्यांनी आपल्या तोंडात घातला आहे. गावाला राबणारे हात पाहिजेत तेव्हा "मुळाकडं चला". शहराला जागा पाहिजे तेव्हाही "मुळाकडं चला", आणि मतं पाहिजेत तेव्हा "आपण सगळे एक". दोन्हीकडं आपण पाव्हणे.

बाबासाहेबांनी ही कोंडी ओळखली होती. जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या परिषदेत ठराव झाला: अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती पाहिजेत, हिंदूंच्या गावापासून वेगळ्या, सरकारी पडीक जमिनीवर. १९४७ साली राज्यघटनेसाठी त्यांनी जो मसुदा केला त्यात त्यासाठी खास आयोग मागितला. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याचं गुणगान करणाऱ्यांना सांगितलं की खेडं म्हणजे अज्ञानाचं, कोतेपणाचं, जातीयतेचं डबकं. ती तिसरी वाट होती. परत जायचं नाही आणि विरघळायचंही नाही. एकत्र, आपल्या नावावरच्या जमिनीवर वसायचं. आपण त्या ठरावाची फ्रेमसुद्धा केली नाही.

एकदा लोकांनी ती वाट स्वतःच्या पायांनी चालून बघितली, महाराष्ट्रात नाही, बंगालात. १९४६ साली बाबासाहेब घटना समितीवर निवडून गेले ते मुंबईतून नाही, बंगालमधून. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या नमशूद्र बांधवांच्या बळावर. फाळणीनंतर तेच नमशूद्र निर्वासित झाले. बंगालनं त्यांना ठेवून घेतलं नाही, दंडकारण्यात पाठवलं. काही आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वसवले, तो भाग आज गडचिरोलीत आहे. बंगालात ते अनुसूचित जाती आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नमशूद्र नाव नाही. म्हणजे सामावले, पण यादीबाहेर.

१९७८ मध्ये, म्हणजे आम्ही ज्वारीत पडलो होतो त्याच साली, दंडकारण्यातली हजारो कुटुंबं उठली आणि बंगालकडं निघाली. सुंदरबनातल्या मरिचझांपी बेटावर उतरली. कुणाचं घर घेतलं नाही. स्वतः बांध घातले, शाळा काढली, दवाखाना काढला, मासेमारी सुरू केली. विरोधात असताना या आपल्या बंगालात म्हणणारे डावे तेव्हा सत्तेवर होते. जानेवारी १९७९ मध्ये त्यांनी बेटाला वेढा घातला, अन्नपाणी तोडलं. ३१ जानेवारीला गोळीबार झाला. मे महिन्यात झोपड्या पेटवून माणसं परत पाठवली. मेलेल्यांचा सरकारी आकडा वेगळा, वाचलेले सांगतात तो फार मोठा.

काही जण म्हणतील, बघा, तिसऱ्या वाटेचं काय झालं. मी उलटं वाचतो. ते परत आले होते, सामावायला तयार होते, कष्ट करत होते. फक्त कुणाच्या दाराशी वाकून न राहता वसले होते. तेवढंच सरकारला खुपलं. आणि त्यांच्याकडं बेटाचा कागद नव्हता. बेट सरकारी, माणसं बेकायदा. आपल्या गायरानासारखंच.

म्हणून माझं म्हणणं सरळ मांडतो, पटलं नाही तर खोडा.

जो गावी जाईल त्यानं एकट्यानं जाऊ नये. दहा घरांनी मिळून, जमीन आधी नावावर करून, त्यातही बाईचं नाव लावून जावं. जो इथं राहील त्यानं नाव लपवून राहू नये. चाळीतलं घर म्हणजे गावाकडच्या स्वप्नासाठी मोडायची ठेव नाही. ती आपली पहिली लिहिलेली ओळ आहे. ती खोडू नका. आणि गाव सोडलं म्हणजे हक्क सोडला, हे मान्य करू नका. घर, गाव सोडायला लावणं हा गुन्हा आहे हे कायद्याला १९८९ साली कळलं, अत्याचार प्रतिबंधक कायद्यात ते लिहिलं आहे. जो गुन्हा ८९ नंतर गुन्हा आहे त्याची झळ ७८ ला लागली नव्हती का? विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला. पाटीसाठी ज्यांची घरं गेली त्यांच्या घरांचं काय, हा प्रश्न आपणही विसरलो. पाटीवर समाधान मानलं.

दावा लावायला कागद लागतो, आणि आपल्याकडं कागद नाही. मग कागद करू. पुढच्या सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात पाणीवाटप करशील तेव्हा एक वही घेऊन बस. आणि त्याआधी आपल्याच चाळीत बस. नायगाव, वरळी, डिलाईल रोड, जिथं चाळी पाडल्या तिथल्या संक्रमण शिबिरात. प्रत्येक म्हाताऱ्याला विचार: गाव कुठलं, साल कुठलं, का सोडलं, मागं काय राहिलं. घर किती खणाचं, झाड कुठलं, गायरानाचा तुकडा केवढा. साक्षीदाराचं नाव घे, अंगठा घे. हे लोक आणखी दहा वर्षं नाहीत. ते गेले की उद्या कुणी हसून म्हणेल, तुम्ही काय निर्वासित आहात? आणि तुझ्याकडं दाखवायला काही नसेल.

बाला मी सांगितलं, "नेतो. पण सोडत नाही." तो गप्प बसला. मग विचारलं, "लिंब हाय का अजून?" मी म्हटलं, आहे, गोठ्याच्या मागं. म्हणाला, "लिही मग. लिंबाच्या उगवतीला चार पावलांवर दार."

लिहिलं. वहीच्या पहिल्या पानावर तेच आहे. दुसरं पान कोरं आहे, तुझ्या आज्यासाठी.

जयभीम.